एमएमॅपसारख्या सिस्टिम कॉलमध्ये अनोळखी फ्लॅगचे काय करावे?

प्रश्न:
नमस्कार. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठी मी एक लहान कर्नल लिहीत आहे. पेज टेबल आणि पेज फॉल्टची हाताळणी पूर्ण झाली असून आता लिनक्समधील एमएमॅपच्या (फाइल किंवा मोकळी मेमरी प्रोग्रॅमच्या पत्त्यांवर जोडून देणारा, म्हणजे मॅप करणारा कॉल) धर्तीवर सिस्टिम कॉल लिहायला घेतला आहे. शेअर्ड (बदल इतरांनाही दिसतात), प्रायव्हेट (बदल स्वतःपुरते), ॲनॉनिमस (फाइलशिवाय मेमरी) आणि फिक्स्ड (नेमक्या दिलेल्या पत्त्यावरच) एवढेच फ्लॅग, म्हणजे एकेका बिटाने सांगायचे पर्याय, सध्या ठेवले आहेत. प्रोग्रॅमने यांखेरीज एखादा बिट लावून कॉल केला, तर कर्नलने त्याकडे दुर्लक्ष करावे की एरर द्यावी? दुर्लक्ष केल्यास पुढील आवृत्तीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम जुन्या कर्नलवरही चालू शकेल, म्हणून माझा कल तिकडे आहे.

उत्तर १:
एरर द्यावी, आणि तीही अगदी पहिल्या आवृत्तीपासून. लिनक्सचा एमएमॅप अनोळखी बिटांकडे दुर्लक्ष करत आला आणि ते मॅप_सिंकच्या वेळी भोवले. वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या मेमरीसाठी हा फ्लॅग आहे. तो लावला असता फाइलचा मेटाडेटा आधीच सुरक्षित असल्याची हमी कर्नल देतो, त्यामुळे प्रोग्रॅमला स्वतःच्या लेखनापुरता प्रोसेसरचा कॅश फ्लश केला की पुरते. जुन्या कर्नलने हा बिट गिळून यश कळवले असते, तर प्रोग्रॅम निर्धास्त राहिला असता आणि वीज गेल्यावर डेटा हरवला असता.

त्यावर काढलेली तोड पाहण्यासारखी आहे. शेअर्डची किंमत १ आणि प्रायव्हेटची २. दोन्ही एकत्र, म्हणजे ३, हे मूल्य जुने कर्नल आधीपासूनच अवैध म्हणून नाकारत होते. लिनक्स ४.१५ मध्ये, २०१८ साली, नेमके तेच ३ मूल्य मॅप_शेअर्ड_व्हॅलिडेटला दिले गेले आणि त्यासोबत येणारा अनोळखी फ्लॅग नाकारला जाऊ लागला. आपल्याला अशी फट शोधत बसण्याची वेळ येऊ नये. सुसंगतीबद्दल म्हणाल, तर एरर मिळालेला प्रोग्रॅम एमसिंकचा (बदल फाइलमध्ये कायम करायला लावणारा कॉल) जुना मार्ग धरू शकतो. एररच मिळाली नाही, तर तो काहीच करू शकत नाही.

उत्तर २:
वरील मताशी पूर्ण सहमत आहे. फिक्स्डचाही पुनर्विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन. लिनक्समध्ये हा फ्लॅग लावला की त्या पत्त्यावरचे आधीचे मॅपिंग गुपचूप काढले जाते. जागा मोकळी आहे का, हे आधी तपासून उपयोग नाही, कारण तपासणी आणि कॉल यांच्या दरम्यान दुसरा थ्रेड तिथेच एखादी लायब्ररी लोड करू शकतो. ४.१७ मध्ये आलेला मॅप_फिक्स्ड_नोरिप्लेस जागा व्यापलेली असल्यास एरर देतो. फ्रीबीएसडीमध्ये हेच काम फिक्स्डसोबत मॅप_एक्सक्ल लावून होते. मात्र लिनक्सचा जुना कर्नल नोरिप्लेसचा बिट ओळखत नसल्याने दिलेला पत्ता केवळ सूचना समजतो आणि मॅपिंग भलतीकडेच करू शकतो, म्हणून परत आलेला पत्ता प्रोग्रॅमला ताडून पाहावाच लागतो. डायनॅमिक लोडर आधी सलग जागा राखून तिच्यावर एकेक सेगमेंट बसवतो, त्यामुळे जुने मॅपिंग बदलण्याची सोय हवीच. परंतु ती वेगळ्या नावाने, स्पष्टपणे मागितल्यावरच मिळावी.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. अनोळखी बिटांना एरर आणि फिक्स्ड विनाशक नसलेले, हे दोन्ही स्वीकारतो. पॉप्युलेट (पेजेस आधीच भरून ठेवणे), लॉक्ड (पेजेस मेमरीतून बाहेर न जाऊ देणे) आणि मोठी पेजेस यांनाही फ्लॅग द्यावेत का?

उत्तर १:
मॅपिंग तयार होत असतानाच अविभाज्यपणे घडायला हवे, तेवढेच फ्लॅगमध्ये घ्यावे. नोरिप्लेस त्यात बसतो. पॉप्युलेट बसत नाही. लिनक्समध्ये पेजेस आधी भरण्याचे काम फसले, तरी एमएमॅप यशच कळवतो. लॉक्डचीही तीच गत असल्याने खात्री हवी असेल तिथे नंतर एमलॉक वेगळा बोलवावा लागतो. एकाच परतीच्या मूल्यातून दोन कामांचे निकाल नीट सांगता येत नाहीत.

मोठ्या पेजचा आकार लिनक्सने फ्लॅगच्या २६व्या बिटापासूनच्या सहा बिटांत कोंबला आहे: २ एमबीसाठी २१, १ जीबीसाठी ३०. आपल्या एसव्ही३९ (रिस्क-फाइव्हची एक पेज टेबल पद्धत) मध्ये ४ केबी, २ एमबी आणि १ जीबी असे तीन आकार आहेतच, तेव्हा आकारासाठी वेगळे फील्ड असलेले स्ट्रक्चर घ्यावे आणि लिनक्स ५.६ मधील ओपनॲट२ या फाइल उघडणाऱ्या कॉलप्रमाणे त्या स्ट्रक्चरची लांबीही कॉलमध्ये पाठवावी. स्ट्रक्चरच्या शेवटी कर्नलला अनोळखी असलेल्या भागात शून्याखेरीज काही आढळले, तर तिथेही एररच द्यावी.