रात्रीचं व्हेनिस: हिंडले, भटकले, उंडारले की आणखी काही?

नोव्हेंबरात कामानिमित्त पादोव्याला गेले होते. परतायच्या आदल्या रात्री व्हेनिसला मुक्काम होता. साडेदहाला रिआल्तो पुलावरून स्टेशनजवळच्या खोलीकडे निघाले, पोचले पावणेएकला. एरवी अर्ध्या तासाची वाट. एकटीच होते, फोन बंद पडलेला. घाबरले मात्र नाही, उलट मजा वाटत होती. दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं तर म्हणाली, "परक्या मुलखात रात्रीबेरात्री उंडारत होतीस?"

तेव्हापासून डोक्यात आहे, की त्या सव्वादोन तासांत मी नेमकं काय करत होते? 'फिरत' फारच सपक वाटतं. 'वणवण' म्हणावं तर तसे हाल झाले नाहीत. 'शतपावली' म्हटलं तर पावलं काही हजार झाली असतील.

प्रतिसाद: 'भटकणे' का नको? पूर्वी त्याला रिकामटेकडेपणाचा वास होता, पण सह्याद्रीत जाणाऱ्यांनी 'भटकंती' शब्द पार प्रतिष्ठित करून टाकला. आता लोक भटकंतीसाठी रजा काढतात.

प्रतिसाद: तेच तर. भटकंती म्हटलं की पाठीवर सॅक आणि चार टाळकी सोबत आलीच. एकट्या बाईनं रात्री केलेल्याला कोणी भटकंती म्हणत नाही. आमच्या घरी भाऊ 'भटकायचा' आणि मी 'उंडारायचे'. वेळ तीच, रस्ताही तोच. उंडारतात ती मोकाट सुटलेली गुरं, हे आईला ठाऊक असतंच. शिवाय 'बोंबलत फिरणे' आहेच, पण त्यात मुलगा-मुलगी भेद नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल.

प्रतिसाद: धागाकर्तीला विचारतो, तुम्ही त्याच जागी परत परत येत होतात का?

धागाकर्ती: हो! सान्ता क्रोचे भागात एक चौक आहे. त्यांच्याकडे चौकाला 'काम्पो' म्हणतात, म्हणजे शेत. 'पियाझ्झा' हा मान एकट्या सान मार्कोचा. मधोमध दगडी विहीर, तिच्यावर लोखंडी झाकण, झाकणावर कुणीतरी विसरलेला एकच हातमोजा. तो हातमोजा मला तीनदा भेटला. भिंतीवर चुन्याच्या पांढऱ्या चौकटीत गल्लीचं नाव असतं, तिला 'निझियोलेतो' म्हणतात, म्हणजे छोटी चादर. पण गल्ली सरळ पाण्यातच उतरत असेल तर नाव वाचून काय करणार? घरांचे नंबरही गल्लीवार नाहीत, अख्ख्या पेठेला एकच क्रम. कास्तेल्लो पेठेत ते सहा हजारांच्या पुढे जातात.

प्रतिसाद: मग तो चकवा. आम्हा कोकणातल्यांना शब्द शोधावा लागत नाही. रात्री ओळखीच्या वाटेनं निघालेला माणूस गोल गोल फिरून त्याच झाडाखाली येतो, त्याला चकवा लागला म्हणतात. आजोबा सांगायचे, धावायचं नाही, आहे तिथं बसायचं, उजाडलं की सुटतो. (हिंदीतला चकवा म्हणजे चक्रवाक पक्षी. रात्री जोडीदारापासून ताटातूट होणारा, म्हणून तोही इथं अगदीच परका नाही.)

आणि व्याकरण बघा. 'मी वाट चुकले' म्हटलं की चूक तुमची. 'मी भटकले' म्हटलं तरी कर्ता तुम्हीच. पण 'मला चकवा लागला' यात तुमच्याकडे काहीच येत नाही, सगळं त्या जागेचं कर्तृत्व. भूक लागते, झोप लागते, नाद लागतो, तसाच तो. आईला हे वाक्य सांगून पाहा, उंडारण्याचा आरोप आपोआप गळून पडतो.

प्रतिसाद: जाता जाता एक दुरुस्ती. ती 'विहीर' नव्हे. व्हेनिसच्या चौकातल्या त्या बांधकामात पावसाचं पाणी वाळूतून गाळून साठवत. खाली झरा नाही, भोवती तर सगळं खारं पाणी. आपल्याकडे किल्ल्यावर असतं ते टाकं. 'टाकं' म्हणा.

प्रतिसाद: अजून एक शब्द घ्या. पूर्वी तिथं रात्री कंदील घेऊन पुढे चालणारा माणूस भाड्यानं मिळायचा, त्याला 'कोदेगा' म्हणत. आपला मशालजी किंवा दिवट्या. आणि घराच्या पोटातून जाणारी छपराखालची वाट, 'सोतोपोर्तेगो', तिला काय म्हणाल?

धागाकर्ती: बोळकांडी! आजोळच्या वाड्यात होती तशीच, डोकं वाकवून जायची. वास मात्र शेवाळाचा.

टाकं मान्य. चकवाही घेतला. बाराला सान मार्कोच्या मनोऱ्यातली मोठी घंटा वाजली. 'मारांगोना' तिचं नाव, गोदीतल्या सुतारांवरून पडलेलं. आवाज पाठीमागून आला, तेव्हा कळलं की निदान तोंड तरी बरोबर दिशेला आहे. पुढे 'आल्ला फेर्रोव्हिया', म्हणजे स्टेशनकडे, अशी पिवळी पाटी लागली. त्याच भिंतीवर तशीच दुसरी पाटी होती, बाण उलट्या दिशेला.

प्रतिसाद: मग कुठला बाण धरलात?

धागाकर्ती: डावीकडचा. हातमोजा चौथ्यांदा भेटला.