ईव्हो नक्की कुणाची?

एक_रुपयाचं_नाणं (धागाकर्ता)

सोनीने ईव्होमधला आपला हिस्सा नॉडविन गेमिंग या ई-स्पोर्ट्स कंपनीला विकल्याची बातमी ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि त्या सकाळपासून माझ्या फोनवर अभिनंदनाचे मेसेज. जणू स्पर्धा मीच विकत घेतलीय! नॉडविन गुरुग्रामची, तिच्यात मुंबईच्या नझारा या गेमिंग कंपनीचा मोठा वाटा, पुण्याच्या जेटसिंथेसिसचेही पैसे, म्हणून आपण पेढे वाटायचे म्हणे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ईव्हो ही फायटिंग व्हिडिओ गेमची स्पर्धा, म्हणजे फायटिंग गेमवाल्यांची पंढरी. १९९६ साली कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या गोल्फलँड आर्केडमध्ये चाळीस जण जमले, तिथून सुरुवात. तेव्हा नाव होतं ‘बॅटल बाय द बे’. टॉम आणि टोनी कॅनन हे दोघे भाऊ आणि त्यांचे एक-दोन दोस्त हा सगळा कारभार बघायचे. २००२ मध्ये ईव्होल्यूशन हे नाव पडलं, २००५ पासून मुक्काम लास व्हेगासला. २००९ मध्ये स्ट्रीट फायटर फोरला हजारावर स्पर्धक आले, २०१६ मध्ये फाइव्हला पाच हजारांवर, २०२३ मध्ये सिक्सला सात हजारांवर.

आमच्या डोंबिवलीच्या पार्लरमध्ये किंग ऑफ फायटर्स ९७ चं मशीन होतं. लाथेचं एक बटण अर्धवट दाबलं जायचं, म्हणून त्या बाजूला कुणी उभं राहायला तयार नसे. काचेच्या कडेला एक रुपयाचं नाणं ठेवलं की पुढचा नंबर आपला. जिंकेल तो उभा राहणार, हरेल तो मागे. कुणाचा बाप कोण, हे मशीन विचारत नसे. ईव्हो त्याच रांगेतून जन्मली. आजही फी भरून कुणीही नाव देऊ शकतो आणि पहिल्याच फेरीत जगज्जेता समोर येऊ शकतो.

२०२१ मध्ये सोनी आणि आरटीएस या कंपनीने मिळून ती विकत घेतली. चार वर्षांत सोनीचा हिस्सा पुढे गेला. उद्या आणखी कुठे जाईल. माझं म्हणणं एवढंच: ज्या गोष्टीचा जीव खेळणाऱ्यांच्या येण्यात आहे, ती त्यांना न विचारता फ्लॅटसारखी हातोहात विकली जातेय आणि आपण खूश, का तर नवा मालक देशी.

मंडपवाला

नाणंभाऊ, मी लाइट-साउंडचा धंदा करतो, म्हणून जरा जमिनीवरचं बोलतो. चाळीस पोरं आर्केडच्या मालकाच्या मेहेरबानीवर खेळतात. सात हजारांना हॉल लागतो, शेकडो स्क्रीन, तेवढेच कन्सोल, वायरिंग, विमा, सुरक्षारक्षक आणि अमेरिकेतले कामगार दर. २०२४ पासून मंडाले बे हॉटेल सोडून थेट लास व्हेगास कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतेय. त्याचं डिपॉझिट काय नाण्यांच्या रांगेतून येणार?

जुन्या पद्धतीत एका खेळाची फी दहा डॉलर आणि ती सगळी बक्षिसात जायची. ऐकायला गोड. म्हणजे संयोजकाच्या हातात काय, शिव्या! पैसेवाला आला म्हणून तीन दिवस वीज गेली नाही, हे कुणी मोजत नाही.

तांबडा_पांढरा

मंडपवाल्यांना +१. कोल्हापूरचं खासबाग मैदान पैलवानांनी वर्गणी काढून बांधलं नव्हतं. शाहू महाराजांनी बांधलं म्हणून कुस्तीला सोन्याचे दिवस आले. राजाश्रय नको म्हणणारा पैलवान मी तरी बघितला नाही, काय राव.

एक_रुपयाचं_नाणं

खासबागचा दाखला मान्य, पण पुढचं अर्धं तुम्ही सोडलंत. महाराजांनी मैदान बांधलं, धोबीपछाड त्यांच्या मालकीची नव्हती. उद्या कुणी वेगळा आखाडा काढला, तर ‘आमचा डाव वापरू नका’ म्हणून नोटीस आली नसती. इथे मैदान एकाचं आणि डाव, म्हणजे खेळ, दुसऱ्या कंपन्यांचे.

२०१३ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी आठवा खेळ कोणता, हे देणग्यांवर ठरलं. स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी जो गट जास्त पैसे जमवेल त्याचा खेळ आत. स्मॅश ब्रदर्स मेलीवाल्यांनी नव्वद हजार डॉलरच्या वर जमवले. तेव्हाच बारा वर्षं जुना झालेला खेळ, बाजारात त्याला कुणी विचारत नव्हतं. आणि निन्टेंडोने काय केलं? आमचा खेळ थेट दाखवायचा नाही, असा निरोप पाठवला. नेटवर एवढा ओरडा झाला की काही तासांत मागे घ्यावा लागला. २०२२ मध्ये मात्र स्मॅश ईव्होत नाहीच. तोवर ईव्होत निन्टेंडोची प्रतिस्पर्धी सोनी भागीदार झाली होती, आता काय ते तुम्हीच समजा.

कुंतल

धागा वाचून राहवलं नाही. ‘पूर्वी आपली होती’ हे वाक्य इथे फार सहज लिहिलं जातंय.

२०२० मध्ये काय झालं ते एकानेही लिहिलेलं नाही. कोविडमुळे लास व्हेगासची स्पर्धा रद्द होऊन ईव्हो ऑनलाइन होणार होती. जुलैच्या सुरुवातीला ईव्होच्या तेव्हाच्या प्रमुखावर, जो संस्थापकांपैकी एक होता, आर्केडच्या जुन्या दिवसांत अल्पवयीन मुलांशी केलेल्या वर्तनाबद्दल उघड आरोप झाले. त्याने माफीचं निवेदन दिलं, त्याला काढून टाकलं. कॅपकॉम, बंदाई नामको, नेदररेल्म या गेम बनवणाऱ्या कंपन्यांनी हात काढून घेतले आणि स्पर्धाच रद्द झाली. हे आरोप कालपरवाचे नव्हते, वीसएक वर्षांपूर्वीचे होते. म्हणजे तुमच्या त्या सोन्याच्या काळातले.

नाणंदादा, तुमच्या पार्लरच्या रांगेत मुली किती होत्या? मी ठाण्याला दोनदा गेले होते भावाबरोबर. तिसऱ्यांदा नाही गेले, आणि का नाही गेले ते घरी आजवर कुणी विचारलेलं नाही. घरच्यासारखं वातावरण असलं की तक्रार करणारा घरभेदी ठरतो. कंपनी आली की निदान एक कागद येतो, एक ईमेल पत्ता येतो. फार काही नाही, पण शून्यापेक्षा जास्त.

मंडपवाला

कुंतलताई, नेमकं बोललात.

एक_रुपयाचं_नाणं

कुंतलताई, मी ते टाळलं हे खरं आहे. आठवलं नव्हतं असं नाही. लिहायला घेतलं की आठवणीतलं पार्लर जरा मळकं होतं, म्हणून वगळलं. आमच्या रांगेत मुलगी एकही नव्हती.

पण कंपनी म्हणजे कागद, हे मला अजून पटत नाही. २०२० मध्ये त्या कंपन्या बाहेर पडल्या, त्या बोलणाऱ्यांनी नावानिशी बोलायची हिंमत केल्यावर. आधी वर्षानुवर्षं त्यांचे लोगो मंचावर होतेच की.

कुंतल

होते. आणि मंचासमोर टाळ्या वाजवणारेही होते. दोघांनाही सूट नको, एवढंच म्हणतेय.

ह्यूस्टनचा_हणमंत

मी २०२३ मध्ये गेलो होतो. बघायला नाही, खेळायला! प्रत्यक्ष सांगतो.

सकाळचा पूल, म्हणजे सुरुवातीच्या फेरीचा गट. लांबच लांब टेबलं, प्रत्येकावर नंबर चिकटवलेला. पहिला प्रतिस्पर्धी शाळकरी पोरगा, सोबत आई, तिच्या हातात त्याची पाण्याची बाटली. मी कोपऱ्यात अडकलो तो अडकलोच, दोन शून्य. दोनदा हरलं की बाहेर असा नियम असल्याने दुसरा सामना जीव मुठीत धरून खेळलो. एका डावात बरा पुढे होतो आणि अंगठा घसरून पॉज दबलं. पॉज दबलं की डाव समोरच्याला. त्याने मान हलवली, ‘सॉरी मॅन’ म्हणाला आणि डाव घेतला. घ्यायलाच हवा होता. वीस मिनिटांत माझी ईव्हो संपली. विमान, हॉटेल, पास, सगळं त्या वीस मिनिटांसाठी.

आणि तरी सांगतो, उठल्यावर तो पोरगा आणि मी बाजूच्या रिकाम्या सेटअपवर अर्धा तास खेळलो. त्याने मला कोपऱ्यातून कसं निघायचं ते दाखवलं. आई घड्याळ बघत होती. हे सोनीने केलं नाही, पण सोनी आल्यामुळे थांबलंही नाही.

आडुकेन_प्रसाद

हणमंतराव, वीस मिनिटं म्हणजे तुम्ही टिकलात. माझा मित्र म्हणतो, त्याला बसायला खुर्ची मिळेपर्यंत हरून झालं होतं.

तिरका_चष्मा

सगळे कंपनी-कंपनी करताय, सौदी पैशाचं काय? एसएनके, म्हणजे तुमचं किंग ऑफ फायटर्स बनवणारी, आता सौदीच्या मिस्क फाउंडेशनच्या ताब्यात आहे. २०२५ च्या ईव्होत त्यांचा फेटल फ्युरीचा नवा भाग होता, ज्यात रोनाल्डो चक्क लढवय्या म्हणून आहे. रियाधला ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कप भरतो, तिथे बक्षिसाचे आकडे वाचून डोळे फिरतात. व्हेगास जिंकून भागत नाही, पोट रियाधवर. नॉडविन त्यामानाने लिंबूटिंबू!

आणि धागाकर्त्याच्या काळजीत तथ्य आहे. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि नझाराचा शेअर धाडकन आपटला. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, पण बाजार ते बघत बसला नाही. पत्त्यांच्या खेळाने सर्दी झाली की शिंक व्हेगासला येणार.

मंडपवाला

चष्मेवाले, खेळाडूला दोन ठिकाणांहून पैसा येतोय तर तुमच्या पोटात का दुखतं? २०२४ मध्ये कॅपकॉम कपच्या विजेत्याला दहा लाख डॉलर मिळाले. वीस वर्षांपूर्वी जिंकून लोक परतीच्या तिकिटापुरते कमवायचे. ईव्होच्या २०१७ च्या फायनलमध्ये हरून रडणारा खेळाडू पंक आठवा. सात वर्षं टिकला आणि २०२४ मध्ये जिंकला. सात वर्षं टिकायला पोटाला लागतं.

तिरका_चष्मा

२०१७ चाच विषय काढलात तर हेही आठवा: फायनल टीव्हीवर चालू होती आणि कॅमी या पात्राचा पोशाख मध्येच बदलायला लावला. चॅनेलला तो नको होता. बरोबर की चूक ते सोडा, पण तेव्हा कळलं की पडद्यावर काय दिसावं हे रांगेतला माणूस ठरवत नाही.

लाहोरकडे_बघा

अर्सलान ॲशचं नाव अजून कुणी घेतलं नाही, कमाल आहे. लाहोरचा पोरगा. फेब्रुवारी २०१९ मध्ये फुकुओकाच्या ईव्हो जपानला निघाला तर व्हिसा आणि विमानांच्या घोळात रखडत पोचला. पाकिस्तानी रुपये बदलून मिळेनात म्हणून खिशात पैसे नाहीत. टेक्केन सेव्हनमध्ये जगातल्या दादा लोकांना हरवून चषक घेऊन गेला. त्याच ऑगस्टमध्ये व्हेगासही जिंकला. आणि म्हणाला काय, तर आमच्याकडे माझ्यासारखे अजून बरेच आहेत. लोकांना फुशारकी वाटली, मग बाकीचे येऊन मारायला लागले तेव्हा पटलं. २०२५ मध्येही टेक्केन एट त्याचंच.

नाणंसाहेब, तो जिंकला कारण दार उघडं होतं. मालक कोण, हा पुढचा प्रश्न. दार उघडं ठेवतो का, हा पहिला. नुसत्या आमंत्रितांची स्पर्धा असती तर लाहोरला कोण आमंत्रण पाठवणार होतं?

आता आपलं बघा. टेक्केन थ्रीवर आपल्याकडे दोन पिढ्या वाढल्या. त्यातल्या एडी या पात्राची बटणं बडवून प्रत्येक मामेभावाने प्रत्येक आतेभावाला हरवलंय. ईव्होच्या टॉप एटमध्ये नावं किती? मी स्वतः पुण्यात एका छोट्या स्पर्धेत दुसरा आलो होतो. बक्षिसाचे तीन हजार अजून यायचेत. संयोजकाने नंबर बदलला. त्यामुळे मोठी, जबाबदार कंपनी येत असेल तर मला चालेल, कुणाचीही.

एक_रुपयाचं_नाणं

लाहोरसाहेब, हा मुद्दा मला घ्यावाच लागेल. दार उघडं राहणं हीच माझी भीती होती आणि मी ती मालकीच्या नावाने मांडली. सात हजारांना खेळवणं खर्चिक, चौसष्ट आमंत्रितांना खेळवणं स्वस्त, आणि प्रेक्षक दोन्हीकडे तेवढेच. नॉडविन असो की अजून कुणी, हिशेब करणारा माणूस एक दिवस ही बेरीज करणारच. आज तसं झालेलं नाही, मान्य.

एक मात्र राहू द्या. २००४ च्या ईव्होत डायगो उमेहारा या जपानी खेळाडूच्या केन या पात्राकडे एक रेघभर लाइफ उरली होती आणि समोरच्या जस्टिन वाँगच्या चुन-लीने सुपर, म्हणजे फटक्यांचा मोठा हल्ला, सोडला. साधं ब्लॉक केलं तरी मरणार होता. पंधराच्या पंधरा फटके त्याने पॅरी केले, म्हणजे इजा न होता परतवले, प्रत्येकाला नेमक्या क्षणी दांडा पुढे, शेवटचा हवेत उडी मारून. पब्लिक खुर्च्यांवरून उठलं ते व्हिडिओत अजून ऐकू येतं. त्या खेळाची स्पर्धा तो जिंकला नाही, फायनल हरला. मंचावर मोठा प्रायोजक नव्हता, कॉलेजचं सभागृह होतं. तो व्हिडिओ बघून किती लोक या खेळात आले, त्याची किंमत कुठल्या खरेदीखतात लावली?

मंडपवाला

लावली नाही, कारण लावता येत नाही. पण टोनी कॅननने २००६ मध्ये जीजीपीओ हे सॉफ्टवेअर लिहिलं, ज्यामुळे दूरच्या माणसाशी नेटवर न अडकता खेळता येतं. २०१९ मध्ये कोड सगळ्यांना मोकळा केला. ज्याने एवढं दिलं त्याने पंचवीस वर्षांनी स्पर्धा विकून दोन पैसे घेतले तर मला वाईट वाटत नाही.

बरं, सरळ विचारतो. २०१८ ला गोरेगावच्या नेस्कोत ड्रीमहॅक हे गेमिंगचं संमेलन नॉडविननेच भरवलं होतं. उद्या तिथेच ईव्हो भरली तर जाणार का?

एक_रुपयाचं_नाणं

जाणार. पास काढून, रांगेत उभा राहून, शिव्या घालत.

कुंतल

तक्रार कुणाकडे करायची ते दारातल्या बोर्डावर मराठीत लिहिलेलं असेल तर मीही येते. आणि त्या बटण बिघडलेल्या बाजूला तुम्ही उभे राहायचं, नाणंदादा.