उशिरा बोलणं: आधी कान तपासा
मूल वेळेत बोलायला लागलं नाही की 'मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांपर्यंत वाट बघा' असा सल्ला मिळतो, तो मला अजिबात पटत नाही. स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका जरूर घ्या, पण त्याआधी कान तपासा. माझा भाचा दार आपटलं की दचकून वळायचा, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त. प्रत्यक्षात त्याला जाड, खालच्या पट्टीतले आवाज तेवढे येत होते. 'स', 'श', 'फ' कानापर्यंत पोचतच नव्हते. बेरा चाचणीत, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणाऱ्या तपासणीत, ते कळलं. ही चाचणी मूल झोपलेलं असताना डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून करतात, दुखत वगैरे काही नाही. (त्याला झोपवण्यातच आमचा अर्धा दिवस गेला, ते वेगळं.)

घरी पाठीमागून टाळ्या वाजवून बघण्यावर विसंबू नका. सावली हलली तरी मूल वळतं.