गिफ्ट: भेट, विष की लग्न?

जर्मनीत भाड्याच्या घराच्या तळघरात एक खोकं सापडलं. वर उंदराचं चित्र, खाली ठळक अक्षरांत 'राटेनगिफ्ट'. म्हटलं, उंदरांना कसली भेट? घरमालकीणबाई हसून बेजार. जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष! इंग्रजी आणि जर्मन एकाच कुळातल्या, मग हे असं कसं?

— शब्द एकच आहे. 'गेबेन' म्हणजे देणे, त्यावरून गिफ्ट म्हणजे 'जे दिलं ते', एवढाच मूळ अर्थ. विष शिरलं ते औषधाच्या वाटेने. ग्रीकमध्ये औषधाच्या मात्रेला 'दोसिस' म्हणत, म्हणजे 'देणं'. लॅटिनमार्गे आलेल्या या शब्दाच्या वळणावर जर्मन 'गिफ्ट'लाही तोच अर्थ चिकटला, आणि 'दिलेली मात्रा' हळूहळू विषाचीच झाली. विषाचं नाव थेट घ्यायचं नाही, आडून बोलायचं. आपण नाही का रात्री सापाला 'लांबडं' म्हणत? जुना अर्थ 'मिटगिफ्ट'मध्ये तेवढा उरलाय: सोबत दिलेलं, म्हणजे हुंडा. (त्यालाही विषच म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही.)

आणि हा दोसिस म्हणजेच आपला डोस. ग्रीक 'दिदोमि' आणि संस्कृत 'ददामि' ही भावंडं, तेव्हा डोस हा 'दान'चा चुलतभाऊ लागतो. उपदेशाचे डोस पाजणारे पुण्य कमावतात की काय, कोण जाणे.

— स्वीडिशमध्ये आणखी गंमत. उच्चार 'यिफ्ट', नाम असेल तर विष, विशेषण असेल तर विवाहित. डॅनिश, नॉर्वेजियनमध्येही हे दोन्ही अर्थ आहेत. यावरचा विनोद तिकडे कधीच शिळा झालाय, पण लग्नाचा अर्थ विनोदी नाही. जुन्या इंग्रजीतही हा शब्द वधूसाठी मोजलेल्या मोलाला वापरत, अनेकवचनात थेट लग्नाला. भेट हा अर्थ आणि 'ग'चा उच्चार नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या प्रभावातून आला. आपल्याकडे कुणी विचारतं, "धाकटी कुठे दिली?" "कराडला दिली." तेच 'देणं' हे. आणि विषही आपण देतोच की.

— डचांनी वाटणी करून टाकलीय: 'खिफ' विष, 'खिफ्ट' देणगी. पण 'फरखेवन' म्हणजे क्षमा करणे, आणि जुन्या वापरात विष घालणेसुद्धा! तेव्हा तिकडे देणगीची पावती फाडताना शेवटचा 'ट' तेवढा गाळू नका.