मदत हवी आहे : मूत्रपिंडाची इजा होमोसिस्टीनमुळेच झाली, हे कसे दाखवावे?

नमस्कार. मी पुण्यात एम. फार्म. करत असून, रक्तात वाढलेल्या होमोसिस्टीनचा (मिथायोनिन या अमिनो आम्लापासून शरीरात तयार होणाऱ्या द्रव्याचा) उंदरांच्या मूत्रपिंडावर होणारा परिणाम हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. तो सुचला गावातल्याच एका अभ्यासामुळे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांविषयी जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत ६७ टक्के जणांचे बी-१२ (हे जीवनसत्त्व कमी पडले की होमोसिस्टीन वाढते) कमी होते आणि ५८ टक्के जणांचे होमोसिस्टीन लिटरला १५ मायक्रोमोलच्या वर होते.

प्राण्यांवरील प्रयोगांत दिसणारी इजा साधारण अशी आहे : एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर सक्रिय होऊन सुपरऑक्साइड वाढते, ग्लोमेरुलसच्या (मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छाच्या) गाळणीतील पोडोसाइट पेशींमधले नेफ्रिन हे प्रथिन कमी होते, लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागते आणि पुढे कोलॅजन साचून ग्लोमेरुलस निबर होतो. इथपर्यंत मला शंका नाही.

अडचण प्रारूपाची, म्हणजे उंदरांत होमोसिस्टीन कोणत्या पद्धतीने वाढवायचे याची आहे. आहारात जास्त मिथायोनिन दिले, तर इजा मिथायोनिनची की होमोसिस्टीनची, हे कळत नाही. एक मूत्रपिंड काढून फोलेटविरहित आहार दिला (फोलेट हे होमोसिस्टीन उतरवण्यासाठी लागणारे जीवनसत्त्व), तर फोलेटअभावी डीएनए तयार होण्यातच अडथळा येतो. सीबीएस (होमोसिस्टीनचा निचरा करणारे विकर) याच्या जनुकाची एक प्रत निकामी केलेल्या उंदरांत हायड्रोजन सल्फाइडची निर्मितीही घटते, आणि हा वायू स्वतः मूत्रपिंडाचे रक्षण करतो. शिवाय मूत्रपिंड बिघडले की होमोसिस्टीन आपोआप वाढते, म्हणजे कारण कोणते आणि परिणाम कोणता हा प्रश्न उरतोच. नीतिमत्ता समितीकडे अर्ज करण्यापूर्वी नियंत्रण गट ठरवायचे आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे आणि तिन्ही आक्षेपांतून एकदम सुटका करणारे प्रारूप नाही. तरीही आपल्या जागी मी मिथायोनिनचाच आहार घेईन आणि एका गटाला त्याच आहारासोबत बीटेन देईन. बीटेन होमोसिस्टीनला मिथिल गट देऊन त्याचे पुन्हा मिथायोनिन करते, त्यामुळे होमोसिस्टीन उतरते पण मिथायोनिन उतरत नाही. या गटात इजा कमी दिसली, तर दोष मिथायोनिनकडे जात नाही. मात्र बीटेन मूत्रपिंडाच्या आतल्या भागातील पेशींना क्षारतेपासून वाचवते, म्हणून साधा आहार, मिथायोनिन आणि मिथायोनिनसह बीटेन या तीन गटांखेरीज साध्या आहारावर केवळ बीटेन दिलेला चौथा गट हवाच. तो खर्चासाठी गाळू नये. परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतात.

कारण-परिणामाचा गुंता एकाच वेळच्या मोजणीने सुटणार नाही. होमोसिस्टीन, लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की हे वाढते) ठरावीक अंतराने मोजावे. क्रिएटिनिन हलण्याआधीच पहिली दोन वाढली असतील, तर आपली बाजू भक्कम होते.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

मनःपूर्वक आभार. चौथा गट आमच्या आराखड्यात नव्हता. फोलेटविरहित आहार पूर्णपणे सोडून द्यावा का?

प्रतिसाद ३

होय, निदान या प्रबंधापुरता. उंदीर स्वतःची विष्ठा खातात आणि आतड्यातील जिवाणूंनी केलेले फोलेट त्यांना परत मिळते, म्हणून त्या आहारात अनेकदा या जिवाणूंना रोखणारे सल्फा औषध मिसळावे लागते आणि आणखी एक गोंधळ वाढतो. रक्ताचे नमुने मात्र लगेच बर्फात ठेवून तासाभरात प्लाझ्मा वेगळा करावा. तांबड्या पेशी नळीतही होमोसिस्टीन सोडत राहतात आणि उशीर झाला, तर नियंत्रण गटाचेही आकडे फुगलेले येतात.