गृहकर्जाचे हप्ते थकले, ६० दिवसांची नोटीस आली

प्रश्न (पिंपरीकर): यजमानांची नोकरी गेल्यापासून गृहकर्जाचे चार हप्ते थकले असून, बँकेने सरफेसी कायद्याच्या (थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणारा कायदा) कलम १३(२) अन्वये ६० दिवसांत थकबाकी भरण्याची नोटीस पाठवली आहे. घर कसे वाचवावे?

निवृत्त शाखाधिकारी: ताई, ९० दिवसांहून अधिक थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक (एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याचा धोका असलेले) ठरते, परंतु नोटीस म्हणजे जप्ती नव्हे. या ६० दिवसांत लेखी हरकत नोंदवा, ती अमान्य केल्यास बँकेला १५ दिवसांत कारणे कळवावीच लागतात. त्यासोबतच परतफेडीची मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची मागणी करा, नोकरी गेल्याचे पत्र जोडा आणि आपल्या प्रतीवर शाखेचा आवक शिक्का घ्या. तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नसते.

वकील: ताब्याची कारवाई झालीच, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी संपूर्ण येणे खर्चासह भरल्यास विक्री थांबते.

सदाशिव: हप्ता झेपणारच नसेल, तर स्वतः गिऱ्हाईक शोधणे बरे, कारण लिलावात भाव बहुधा पडतो. मात्र नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीवाचून विक्री करता येत नाही, हे बयाणा घेण्याआधी ध्यानात ठेवा.