मदत हवी आहे: धंदा विकतोय, पण एका अटीपाशी गाडी अडलीय

नमस्कार मंडळी. माझा छपाईचा छोटा व्यवसाय विकतोय. करारावर सह्या झाल्यात, पण ताबा देण्याआधी काही अटी पुऱ्या करायच्या आहेत. कर्ज फेडून यंत्रांवरचा बोजा उतरवायचा, ते मी बघेन. घोडं अडलंय जागामालकापाशी. भाडेकरार खरेदीदाराच्या नावे करायला त्यांची लेखी संमती हवी आणि ते ‘बघू, सांगतो’च्या पुढे जात नाहीत. अंतिम तारीख उलटली की दोघांपैकी कोणीही करारातून बाहेर पडू शकतो. त्यात कलमात शब्द आहेत, ‘खरेदीदाराचे समाधान होईल अशी संमती’. (सही करताना हे माझ्या नजरेतून सुटलं!) म्हणजे मालकाचा कागद आणला तरी खरेदीदार नाक मुरडू शकतो? संमतीचा मसुदा त्याच्याकडून आधीच मंजूर करून घ्यावा, की सरळ लेखी मुदतवाढ मागावी? कोणी यातून गेलंय का?